ज्याचं त्याच्याजवळ

वहिनींच्या घरात छत्री माणसाची नसे, दाराची असे. पुढच्या दाराला एक, मागच्या दाराला एक आणि माडीवरच्या ऑफिसच्या दाराला एक. तिन्ही छत्र्या आपापल्या खुंटीला सुतळीने बांधलेल्या. सुतळी तशी लांब होती, पण छत्री घेऊन कोणी रस्त्यापर्यंत जाईल इतकी लांब नव्हती. पायरीवर उभं राहून चपला घालेपर्यंत छत्री डोक्यावर, पुढे तुम्ही आणि तुमचं नशीब. पहिल्या आठवड्यात मी रोज भिजले आणि रोज वहिनी वरच्या खिडकीतून ओरडत, "छत्री होती ना गो दाराला?" एकदा धीर करून म्हटलं, "वहिनी, मी दारात नाही भिजत, रस्त्यावर भिजते." त्यावर त्या म्हणाल्या, "मग रस्त्याची छत्री तुझी तू आण." हे त्या चिडून बोलल्या नव्हत्या. त्यांना ते खरोखरच इतकं सरळ वाटत होतं.

त्या माझ्या कोणी वहिनी नव्हत्या. मुंबईत एका सॉफ्टवेअर कंपनीत बरीच वर्षं काढून त्या नवऱ्याबरोबर रत्नागिरीला परतल्या आणि घराच्या माडीवर वेबसाइट बनवण्याचं ऑफिस काढलं. सुरुवातीला मदतीला धाकटा दीर होता. तो वहिनी म्हणे, म्हणून गिऱ्हाइकं वहिनी म्हणू लागली, मग कुरिअरवाला, मग बँकेतला शिपाई. दीर पुढे पुण्याला गेला, नाव इथेच राहिलं. मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावरच्या एका बर्फ कारखान्याचे मालक वयाने त्यांच्या वडिलांएवढे, तेही फोनवर "वहिनी, आमची वेबसाइट उघडत नाय" म्हणत. मी पालीच्या बाजूची, कॉलेज संपवून नुकतीच कामाला लागलेली. पहिल्या दिवशी मी त्यांना 'मॅडम' म्हटलं, तर त्यांनी मागे वळून कोण आलंय ते पाहिलं.

वहिनींच्या आयुष्याचे कायदे दोनच. पहिला, ज्याचं त्याच्याजवळ. दुसरा, लागेल तेव्हाच. घरातली एकूण एक वस्तू या कायद्यांखाली नांदत होती. लोणच्याच्या बरणीला तिचा चमचा दोऱ्याने बांधलेला, त्यामुळे जेवताना कोणी नुसतं "जरा लोणचं" म्हटलं की अख्खी बरणी पंगतभर फिरे. पंख्याचं बटण त्याच्याखाली माणूस टेकल्यावरच चालू व्हायचं. टेकण्याच्या बेतात असलेल्या माणसासाठी नाही. पाहुण्यांनी "चहा घेईन" असे शब्द उच्चारल्याशिवाय चहाचं आधण चढत नसे, आणि आपल्याकडे पाहुणा तर नको नको म्हणत चहा पिणारा. कित्येक भली माणसं त्या घरातून चहाविना परत गेली आणि बाहेर जाऊन आमची बदनामी करत राहिली.

दादांचे, म्हणजे वहिनींच्या यजमानांचे, सर्वांत हाल. बँकेतून निवृत्त झालेला अगदी मऊ माणूस. त्यांचा वाचायचा चष्मा वर्तमानपत्राच्या टेबलाला बांधलेला, टीव्हीचा चष्मा टीव्हीच्या फळीला. देवळात जाताना ते चष्म्याशिवाय जात. एकदा आरतीच्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या बाईंना मावसबहीण समजून त्यांनी घरच्या चार गोष्टी सांगितल्या, जावयाबद्दलचं खरं मतसुद्धा सांगितलं, आणि त्या बाई निघाल्या जावयाच्या आत्या. घरी हे कळल्यावर वहिनी म्हणाल्या, "देवळात माणसं बघायला जाता की देव?" दादांनी देवळासाठी तिसरा चष्मा करून घेतला आणि तो गुरवाकडे ठेवायला दिला.

स्कूटरची चावी अर्थातच स्कूटरला. रात्रंदिवस. ती स्कूटर कधी चोरीला गेली नाही याचं श्रेय लोक रत्नागिरीच्या सज्जनपणाला देत, पण खरं कारण दुसरा कायदा होता. वहिनी जायच्या कामापुरतंच पेट्रोल भरत. बाकीचं पेट्रोल पंपावरच बरं, उगाच आपण कशाला वागवायचं, असं त्यांचं म्हणणं. चोराने नेली असती तरी त्याला ती पुढच्या चढावर ढकलावी लागली असती. मी हे पैजेवर सांगते, कारण हातखंब्याच्या चढावर ती मी स्वतः ढकललेली आहे. वहिनी हँडल धरून पुढे चालत होत्या आणि मागे वळून मला समजावत होत्या की समोरून वारा असल्यामुळे आज पेट्रोल जरा जास्त खाल्लं गेलं. ट्रकवाले हॉर्न देत होते. मला रडू येत होतं आणि त्यांना भूक लागली होती.

पण हे वेड कामाला लागलं की त्याला एकदम अर्थ यायचा. वेबसाइटचं पान हल्ली ब्लॉक जोडून तयार होतं. मजकुराचा एक ब्लॉक, फोटोंचा एक, नकाशाचा एक. गिऱ्हाइकाला काही खास हवं असेल तर तो ब्लॉक आम्ही स्वतः बनवून देत असू, म्हणजे पान जुळवायचा एडिटर उघडून तो त्याला हवा तिथे बसवायला गिऱ्हाईक मोकळं. वहिनींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, "हे बघ, स्टाइल म्हणजे ब्लॉकचे कपडे आणि स्क्रिप्ट म्हणजे त्याचे हातपाय. कपडे आले नाहीत तर तो उघडा दिसणार. स्क्रिप्ट आली नाही तर नुसता बसून राहणार, बटण दाब नाहीतर डोकं आपट. पण जो ब्लॉक पानावर नाहीच, त्याचे कपडे पानावर आणायचे नाहीत. न आलेल्या पाहुण्याची बॅग घरात कशाला?"

दुसऱ्या कोणी बनवलेली वेबसाइट दुरुस्तीला आली की वहिनींना ऊत येई. त्या बर्फ कारखान्याचंच बघा. त्यांचं पान उघडायला इतका वेळ लागे की तेवढ्यात बर्फ वितळावा. आत काय काय येतंय ते वहिनी एकेक करून मोठ्याने वाचत होत्या आणि आवाज चढत चालला होता. फोटो सरकवायची स्क्रिप्ट, फोटो एकही नाही. नकाशाची स्क्रिप्ट, नकाशा नाही. आणि शेवटी निघालं लग्नाला किती दिवस उरले ते दाखवणारं घड्याळ. वहिनींनी तिथल्या तिथे मालकांना फोन लावला. "कारखान्यात लग्न कोणाचं आहे? पापलेटाचं?" मालकांना काही उलगडा होईना. ते म्हणाले, "वहिनी, लग्न नाय, पण बर्फ पायजे तर देतो की, किती लाद्या पाठवू?"

आमचं स्वतःचं काम तपासण्याची त्यांची रीत तर आणखी न्यारी. ऑफिसमधलं इंटरनेट त्या खोटं मानत. नवं पान तयार झालं की काचेला तडा गेलेला एक म्हातारा फोन घेऊन, मला मागे बसवून, त्या हातखंब्याच्या अलीकडच्या एका उघड्या कातळावर जात. तिथे सिग्नल आहे की नाही हे त्या सिग्नललाही ठाऊक नसावं. वहिनी पिशवीतून एक आमसूल काढून तोंडात ठेवत आणि पान उघडत. आमसुलाचा आंबटपणा दाढेला झोंबायच्या आत पान संपूर्ण उघडलं तर पास. दाढ झोंबली की नापास, परत फिरा. मी एकदा सुचवलं की हे मोजायला साधनं मिळतात. त्या दाढ धरून म्हणाल्या, "साधनाला झोंबतं का?"

अशा या ऑफिसात गणपती झाल्यावर मालगुंडचे मास्तर आले.

मास्तर म्हणजे गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. त्यांची आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे काकींची, गोष्ट अशी. मुलगा डोंबिवलीला, चांगल्या नोकरीत. म्हातारा-म्हातारी समुद्रकाठच्या घरात एकटी राहतात, हे त्याच्या जिवाला लागलेलं. दर गणपतीत तो "आता चला माझ्याबरोबर" म्हणायचा, यंदा त्याने गिऱ्हाईकसुद्धा बघून आणलं होतं घराला. काकी दोन दिवस जेवल्या नाहीत. मास्तरांनी मग मुलाशी करार केला. घरातल्या तीन खोल्या गणपतीपुळ्याला येणाऱ्या पर्यटकांना द्यायच्या. दिवाळीच्या सुट्टीत तिन्ही खोल्या भरल्या, तर म्हातारी माणसं स्वतःच्या पायावर उभी आहेत आणि घरात जाग आहे असं समजायचं, आणि मुलाने विषय बंद करायचा. नाही भरल्या, तर दिवाळीनंतर सामान बांधायचं. मुलगा हसून हो म्हणाला होता. त्याला खात्री होती.

"तेव्हा वहिनी," मास्तर खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाले, "आमचा मुक्काम आता तुमच्या हातात आहे."

त्यांच्या डोक्यावरचा पंखा वहिनींनी लावला तेव्हा ते पुरते टेकलेही नव्हते. मी ते बघितलं आणि ओळखलं की हे काम त्यांनी मनावर घेतलंय.

आम्ही मास्तरांसाठी 'खोली' नावाचा ब्लॉक बनवला. खोलीचा फोटो, खाली कुठले दिवस मोकळे आहेत ते दाखवणारं कॅलेंडर आणि त्याखाली 'खोली हवी' असं बटण. बटण दाबलं की काकींच्या फोनवर निरोप. या ब्लॉकचे कपडे आणि हातपाय कुठल्या पानावर पाठवायचे हे ठरवायला वहिनींनी स्वतः एक तुकडा लिहिला. त्याला त्या राखणदार म्हणत, बागेत असतो तसा. हा राखणदार प्रत्येक पानाचा मजकूर वाचून बघायचा. 'खोली' ब्लॉकचं नाव दिसलं तर कपडे सोडायचा, नाही तर दारातूनच परत पाठवायचा. तसं बघितलं तर ब्लॉकच्या फोल्डरमध्येच दोन ओळी लिहिल्या की ही व्यवस्था आपोआप होते. वहिनींना आपोआप हा शब्दच आवडत नसे. "दारावर आपला माणूस हवा," त्या म्हणाल्या. कातळावर पान पास झालं. मी मालगुंडला जाऊन मास्तरांना एडिटर शिकवून आले, आणि मास्तर हुशार विद्यार्थ्यासारखे मान डोलवत राहिले.

नवरात्र आलं, गेलं. काकींच्या फोनवर एक निरोप नाही. मास्तरांचा फोन यायचा, "वहिनी, पान फार सुंदर दिसतंय हो. पण माणूस येत नाही." वहिनी म्हणायच्या, अजून लोकांच्या रजा ठरल्या नाहीत. दसरा झाला तेव्हा मास्तरांचा आवाज खाली आला होता. काकींनी लोणच्याच्या बरण्या शेजारी द्यायला काढल्यात, म्हणाले. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात एवढ्या कुठे मावणार. त्या दिवशी वहिनींनी जेवताना बरणीकडे बघितलंसुद्धा नाही.

उलगडा झाला तो माझ्या वडिलांमुळे. ते मुंबईला नोकरीला. त्यांच्याबरोबरच्या एका माणसाला दिवाळीत कोकणात यायचं होतं, म्हणून मी मास्तरांच्या पानाचा पत्ता पाठवला. संध्याकाळी वडिलांचा फोन. "अगो, काय पाठवलंस? नुसती अक्षरं पडलीत एकाखाली एक, आणि ते बटण दाबून दाबून त्याचा अंगठा दुखला."

वहिनी ऐकेनात. "मी स्वतः तपासलंय, कातळावर." शेवटी पुन्हा तिथेच जायचं ठरलं. त्यांनी आमसूल तोंडात टाकलं, पान उघडलं, आणि ते असं काही झटक्यात उघडलं की आमसूल जिभेवर नीट बसलंही नव्हतं. इतकं चपळ पान आमच्या ऑफिसने कधी बनवलं नव्हतं. वहिनींचा चेहरा क्षणभर उजळलासुद्धा. मग त्यांनी डोळ्यांजवळ फोन नेला. पान झटक्यात उघडलं होतं, कारण त्यात काही आलंच नव्हतं. कॅलेंडर नाही, रंग नाही, खोलीचा फोटो आडवातिडवा, आणि 'खोली हवी' हे बटण बिचारं कोपऱ्यात उघडंवाघडं उभं. वहिनींनी ते दाबलं. मी दाबलं. वहिनींनी पुन्हा दाबलं. मग त्या तिथेच कातळावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. मला त्या क्षणी त्यांची फार काळजी वाटली.

तिथून आम्ही थेट मालगुंड गाठलं. वाटेत वहिनींनी पंपावर टाकी पूर्ण भरली.

मास्तरांनी आम्हाला ओटीवर बसवलं आणि मोठ्या उत्साहाने लॅपटॉप उघडला. "बघा, सगळं जागच्या जागी आहे." एडिटरमध्ये खरंच सगळं होतं. कॅलेंडर लखलखीत, फोटो सरळ, बटण गुटगुटीत. वहिनींनी शेजारी आपला फोन ठेवला, त्यावर तेच पान उघडं पडलेलं. मास्तर एकदा इकडे बघत, एकदा तिकडे.

"मास्तर, तुम्ही पान कधी बाहेरून बघितलं नाही? लोकांना दिसतं तसं?"

"बाहेरून कशाला?" मास्तर खरोखर बुचकळ्यात पडले. "स्वतःच्या घराची बेल स्वतः कोण वाजवतो हो?"

मग कळलं काय झालं ते. मी शिकवून आल्यावर मास्तरांनी एडिटरचा आणखी अभ्यास केला होता. त्यांना त्यात एक सोय सापडली. एकदा तयार केलेला भाग सामायिक म्हणून ठेवायचा आणि हव्या त्या पानावर नुसती त्याची खूण लावायची. भाग एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. चाळीसभर मुलांच्या वह्यांत तीच चूक चाळीस वेळा दुरुस्त करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला ही सोय म्हणजे देवच भेटला. त्यांनी तिन्ही खोल्यांचे ब्लॉक उचलून सामायिक केले आणि सगळ्या पानांवर खुणा लावल्या. आता पानाच्या मजकुरात 'खोली' हे नाव उरलंच नाही, उरली फक्त खूण. राखणदाराने मजकूर वाचला, नाव दिसलं नाही, आणि इमानेइतबारे महिनाभर कपडे दारातून परत पाठवले. आत एडिटरमध्ये मात्र राखणदाराचं काही चालत नाही. तिथे सगळे कपडे आधीच हजर असतात, म्हणून मास्तरांना सगळं छान दिसत होतं.

"म्हणजे माझं चुकलं," मास्तर हळूच म्हणाले. दारात काकी उभ्या होत्या. त्यांनी पदराला हात पुसले आणि नुसत्याच पुसत राहिल्या.

"तुमचं काही चुकलं नाही," वहिनी म्हणाल्या. "सोय दिली आहे ती वापरायलाच दिली आहे. चूक माझी. जगाला सांगत फिरते ज्याचं त्याच्याजवळ, आणि या ब्लॉकचे कपडे मी त्याच्याजवळ न ठेवता लांब दारावर टांगून ठेवले. वर एक आंधळा राखणदार बसवला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघतेस काय? फोल्डर उघड."

राखणदाराला वहिनींनी स्वतःच्या हाताने पुसून टाकलं. ब्लॉकच्या फोल्डरमध्ये, त्याच्या स्वतःच्या माहितीपत्रात, कपडे कुठले आणि हातपाय कुठले ते दोन ओळींत लिहिलं. आता ब्लॉक कुठेही येवो, पानावर थेट येवो की सामायिक खुणेतून येवो, तो जिथे उमटेल तिथे त्याचं सामान त्याच्याबरोबर. आणि जिथे तो नाही तिथे काही नाही. काम पाच-दहा मिनिटांचं. महिना मात्र गेला होता, आणि दिवाळी पंधरवड्यावर आली होती.

वहिनींनी मास्तरांना अंगणात नेलं, त्यांच्या हातात फोन दिला आणि सांगितलं, "वाजवा बेल." मास्तरांनी पान उघडलं. कॅलेंडर आलं. त्यांनी चाचरत बटण दाबलं आणि आत काकींचा फोन किणकिणला. काकी दचकल्या. मग त्यांनी बाहेर येऊन वहिनींना विचारलं, "आता माणसं येतील?"

"ते नाही सांगता येत, काकी. दार उघडलंय, एवढंच मी सांगू शकते."

चहा झाला. वहिनींनी "घेईन" असं न विचारताच म्हटलं आणि दोनदा घेतला. निघताना मास्तर म्हणाले, "वहिनी, एक विचारू? तुमचा तो नियम, ज्याचं त्याच्याजवळ. त्या हिशेबानं आम्ही म्हातारी माणसं कोणाजवळ? मुलाजवळ, की या घराजवळ?"

मला वाटलं, आता येणार ठसक्यात उत्तर. वहिनींनी समुद्राकडे बघितलं, मास्तरांकडे बघितलं. "मास्तर, माझा नियम डब्यांना आणि छत्र्यांना आहे," त्या म्हणाल्या, "माणसांचं मला कळत नाही." परतताना मालगुंडच्या रस्त्यावरचा एकेक खड्डा त्यांनी शिवी न देता चुकवला.

पहिली खोली दोन दिवसांनी गेली. माझ्या वडिलांच्या त्या सहकाऱ्याने घेतली, अंगठा दुखावलेल्या. दुसरी त्याच्या मेव्हण्याने. तिसरी रिकामीच. वहिनी दर तासाला मला विचारत, "मास्तरांचा फोन?" आणि मी नाही म्हटलं की दादांवर डाफरत. दादांनी आपल्या एका मित्राचं नाव सुचवलं, आपणच त्याला पाठवू का म्हणून. वहिनी म्हणाल्या, "खोटं गिऱ्हाईक नको. मुलगा मास्तरांचा आहे, मास्तर खोटं बोलले तर त्यालाच आधी कळेल." वसुबारसेच्या सकाळी फोन आला. तिसरी खोली कोल्हापूरच्या एका कुटुंबाने घेतली होती. वहिनींनी फोन ठेवला, मला "कामाला लाग" म्हणाल्या आणि स्वतः खाली जाऊन पुढच्या अंगणात उगाचच झाडत बसल्या.

पाडव्याला मास्तरांनी आम्हाला बोलावलं. जाऊन बघतो तो घर माणसांनी गजबजलेलं, दोरीवर परके टॉवेल, मागे काकींच्या हाताखाली शेजारची बाई. मुलगाही आला होता. खोल्या रिकाम्या असणार या हिशेबाने तो बायकोला घेऊन, सामान बांधायला दोऱ्या घेऊन आला होता. घरात पाय ठेवला तर त्याची स्वतःची खोली कोल्हापूरकरांकडे. बायको काकींजवळ स्वयंपाकघरात झोपत होती आणि तो ओटीवर चटईवर, डासांच्या राज्यात. सकाळपासून पाहुण्यांना आंघोळीचं गरम पाणी पोचवण्याचं काम त्याच्याकडे होतं. आम्हाला बघितल्यावर त्याने बादली खाली ठेवली.

"तुम्हीच ना त्या वहिनी? तुमच्यामुळे मला माझ्या घरात झोपायला जागा नाही."

"अरे, मग आधी बुक करायचं ना," काकी आतून म्हणाल्या. हात पिठात, लक्ष कढईवर. "येतोस आयत्या वेळी, आणि आम्ही काय करणार?"

आम्ही सगळे हसलो. तो हसला नाही. बादली उचलून आत गेला, परत आला, आणि ओटीच्या पायरीवर बसला. अंगणात कोल्हापूरच्या माणसाला मास्तर गावचा इतिहास सांगत होते, हातवारे करून, वर्गात उभे असल्यासारखे. मुलगा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग खिशातून फोन काढला. मी आणि वहिनी त्याच्या मागेच बसलो होतो. त्याने ते पान उघडलं, कॅलेंडर पुढे पुढे सरकवत मे महिन्यावर आणलं, आठ दिवस आणि दोन माणसं निवडली आणि बटण दाबलं. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, कारण त्यांचे डोळे भरले होते आणि तसले डोळे त्या कोणाला दाखवत नसत.

आत फोन किणकिणला. सुनेने तो बघितला असावा, कारण तिचा आवाज आला, "आई, मे महिन्याचं कोणीतरी विचारतंय. दोन माणसं, आठ दिवस."

"मे महिन्याचं? आत्तापासून?" काकींचा आवाज हरखला. "विचार त्यांना, मासे खातात का?"

"खातात," मुलगा ओटीवरून म्हणाला.

"तुला काय ठाऊक?"

आत कढईचा आवाज तेवढा राहिला, मग तोही बंद झाला. काकी दारात आल्या. पिठाचे हात तसेच समोर धरलेले. मुलाच्या हातातल्या फोनकडे त्यांनी बघितलं, मग त्याच्या तोंडाकडे.

"समुद्राकडची देते हो तुला," त्या म्हणाल्या. "मे महिन्यात वारा तिथेच असतो."